फिर्याद, दाद आणि रोजनामचा

'दाद' हा शब्द आपल्या भाषेत दोन ठिकाणी वावरतो. मैफलीत गवयाला दाद मिळते आणि कचेरीत रयत दाद मागते. शब्द एकच, फारसीतून आलेला, आणि त्याचा मूळ अर्थ न्याय. 'फिर्याद' हाही तिकडूनच आला. त्याचा अर्थ हाक, आक्रोश. म्हणजे फिर्याद ही एका बाजूची हाक आणि दाद हे दुसऱ्या बाजूचे उत्तर. आमच्या व्यवसायात समोरच्याने ऐकलेच नाही तर तो दाद देत नाही, एवढे निदान ताबडतोब कळते. पोलीस ठाण्यात मात्र ऐकले की नाही हेच पुष्कळदा महिनोन्महिने कळत नाही. ऐकल्याचा देखावा करता येतो, आणि तो कसा करतात हे मला अनुभवाने ठाऊक झाले आहे.

संगीत-नाटकाच्या या पानावर पोलिसांचा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु इंदुरातील आपल्या जुन्या घरांतून अजूनही एक गोष्ट अभिमानाने सांगितली जाते, आणि ती नेमकी याच विषयाची आहे. अहिल्याबाई होळकर महेश्वरी रोज दरबारात बसत व प्रत्येकाची तक्रार स्वतः ऐकत. ही नुसती आख्यायिका नव्हे. त्यांच्या पश्चात पंचवीस-एक वर्षांनी सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याने माळव्यात चौकशी करून माहिती जमविली आणि १८२३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात ती नमूद केली. मात्र त्याने लिहिलेला पुढचा भाग आपण सहसा सांगत नाही. बाई ऐकत सर्वांचे. पण निवाड्यासाठी ती प्रकरणे पंचांकडे, न्यायसभेकडे किंवा कारभाऱ्यांकडे पाठवीत. ऐकण्याचे काम व निवाड्याचे काम त्यांनी एकाच माणसाच्या गळ्यात बांधले नव्हते. आजच्या ठाण्यातील गोंधळाचे एक मूळ इथेच आहे असे मला वाटते. तेथे ऐकणारा, लिहिणारा, तपास करणारा आणि 'यात काही तथ्य नाही' असे ठरविणारा बहुधा एकच असतो, आणि ठरविण्याचे काम तो लिहिण्याच्या अगोदरच उरकून घेतो.

माझाच प्रसंग सांगतो. माझे वडील होळकर दरबाराच्या अगदी अखेरच्या वर्षांत तेथे गात असत. मी त्यांच्या उतारवयातला मुलगा. दरबार मी पाहिला नाही, पण दरबारातला त्यांचा तंबोरा पाहिला. मिरजेचा, मोठ्या भोपळ्याचा, जवारी अशी की खोलीच्या दुसऱ्या टोकाला नुसते बसले तरी कान भरून जावेत. २०१८ च्या उन्हाळ्यात माझ्या वर्गाच्या खोलीचे कुलूप तोडून तो चोरीस गेला. सोबत एक पेटी व भिंतीवरचे घड्याळही गेले. मी ठाण्यात गेलो. ठाणे याच शहरातले. नाव सांगत नाही, कारण तेथील माणसे बदलली आहेत आणि दुसऱ्या ठाण्यात गेलो असतो तर निराळे काही घडले असते अशी माझी खात्री नाही. हेड मोहरिर सभ्य गृहस्थ होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिले आणि म्हणाले, "मास्टरसाब, आवेदन दे जाओ, दिखवा लेंगे." मी आवेदन लिहून दिले. त्यांनी दुसऱ्या प्रतीवर गोल शिक्का मारला. शिक्का पाहून मला वाटले की तक्रार नोंदली गेली.

ती नोंदली गेलेली नव्हती. आवेदन निराळे आणि प्रथम खबर, म्हणजे ज्याला सर्वजण एफ. आय. आर. म्हणतात ती, निराळी. हा भेद आपल्यासारख्या शिकल्यासवरल्या घरांतही फार थोड्यांना ठाऊक असतो. आवेदन हा नुसता कागद आहे. तो फाइलीत राहतो किंवा राहत नाही. प्रथम खबरीला क्रमांक पडतो, तारीख व वेळ पडते, तिची एक प्रत न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाते आणि तेथून पुढे तपास झालाच पाहिजे. मग शेवट आरोपपत्राने होवो की खात्म्याने. आठवड्याने मी पुन्हा गेलो तेव्हा मला सुचविण्यात आले की 'चोरी' ऐवजी 'हरवले' असे लिहून दिल्यास लगेच दाखला मिळेल. पाच फुटी तंबोरा हरवतो कसा, हे मी विचारले नाही. विचारायला हवे होते.

पुढे वर्षभराने एका विद्यार्थ्याने परगावच्या एका वाद्यविक्रेत्याकडे तो तंबोरा पाहिला. खुंट्या बदलल्या होत्या, पण पोटाजवळचे शिसवी पट्टीचे डागडुजीचे काम वडिलांनी माझ्यादेखत करून घेतले होते, ते तसेच होते. विक्रेता प्रामाणिक माणूस. त्याने पैसे मोजून घेतला होता व पावती दाखविली. मी कोणत्या आधारावर माझा म्हणणार? गुन्हाच दाखल नाही म्हणजे चोरी झालेलीच नाही. चोरी नाही म्हणून चोरीचा माल नाही. आणि चोरीचा माल नाही तर जप्ती कसली? शेवटी मीच तो पैसे देऊन परत घेतला. वडील तेव्हा हयात नव्हते, एवढे बरे.

हा प्रसंग एकट्याचा असता तर मी तो छापावयास दिला नसता. २०१३ च्या १२ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्याचा निकाल दिला. उत्तर प्रदेशातील एका बापाने आपली अल्पवयीन मुलगी पळविली गेल्याची खबर २००८ साली ठाण्यात दिली होती. ती नोंदली गेली वरिष्ठ अधिकाऱ्याकडे गेल्यानंतर, आणि नंतरही शोध होईना. न्यायालयाने निःसंदिग्ध सांगितले की दखलपात्र गुन्ह्याची खबर आली की ती नोंदलीच पाहिजे. खरी की खोटी हे नंतर पाहावे. कौटुंबिक कलह, व्यापारी व्यवहार, वैद्यकीय हलगर्जी, लाचलुचपत, फार उशिरा आलेली तक्रार अशा थोड्या प्रकारांत आधी प्राथमिक चौकशीची मुभा ठेवली, तीही मुदतीची. त्याच निकालपत्रात एक अंदाज आहे, तो वाचून मी थबकलो. २०१२ साली देशात सुमारे ६० लाख दखलपात्र गुन्हे नोंदले गेले, आणि न नोंदलेल्यांची संख्याही जवळपास तेवढीच असावी, असे न्यायालयाने म्हटले आहे. म्हणजे दोन हाकांपैकी एक वहीपर्यंत पोहोचत नाही.

आणि ही वही काही नवी मागणी नव्हे. इंग्रजांनी १८५७ च्या उठावानंतर जो पोलीस कायदा १८६१ साली केला, तो प्रजेच्या सोयीसाठी केला नव्हता हे सर्वजण जाणतात. परंतु त्या कायद्याच्याही ४४ व्या कलमात ठाण्याने रोजनामचा ठेवावा व त्यात आलेल्या सर्व तक्रारी लिहाव्यात असे आहे. सर्व तक्रारी; ठाणेदाराला पटलेल्या तक्रारी असे तेथे लिहिलेले नाही. १८९८ च्या आणि नंतर १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत १५४ वे कलम हेच सांगत आले की तोंडी खबर आली तर लिहून घ्यावी, वाचून दाखवावी, सही घ्यावी. आणि १९७३ च्या संहितेने प्रत विनामूल्य द्यावी असेही घातले. कायदा दीडशे वर्षे लिहा म्हणतो आहे, तरी लेखणी उचलली जात नाही. तेव्हा दोष कायद्याच्या शब्दांत शोधून उपयोग नाही.

लेखणी का उचलली जात नाही? लाच आणि वशिला ही उत्तरे आहेतच, पण तेवढ्यावर थांबणे आळशीपणाचे होईल. मोठे कारण आकड्यांचे आहे. ठाणेदाराची बदली, बढती, विधानसभेतील प्रश्न, वर्तमानपत्रातील मथळा हे सारे वर्षाअखेरीच्या गुन्ह्यांच्या संख्येवर ठरते. गुन्हे वाढले की अधिकारी नालायक, गुन्हे घटले की कर्तबगार. मग घटविण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे लिहायचेच नाही. १९७७ साली नेमलेल्या राष्ट्रीय पोलीस आयोगानेही हे दुखणे ओळखले होते. दिल्लीचे उदाहरण बोलके आहे. तेथे २०१२ साली दंडसंहितेखाली सुमारे ५४ हजार गुन्हे नोंदले गेले. २०१५ साली ती संख्या १ लाख ९१ हजारांवर गेली. तीन वर्षांत दिल्लीतील माणसे साडेतीनपट दुष्ट झाली नाहीत. डिसेंबर २०१२ च्या त्या भयंकर घटनेनंतर नोंदणीवर लक्ष ठेवले जाऊ लागले आणि चोरीची खबर घरबसल्या संगणकावरून देण्याची सोय झाली, म्हणून वही भरली. अशा वाढीचे खरे तर स्वागत करावयास हवे. पण आपण वाचक म्हणून काय करतो? 'शहरात गुन्हेगारी वाढली' अशी बातमी वाचून अधिकाऱ्याच्या नावाने बोटे मोडतो. मी स्वतः मोडली आहेत. त्यामुळे त्या हेड मोहरिराच्या आवेदनाच्या युक्तीत माझाही थोडासा वाटा आहे असे म्हणावे लागते.

पोलिसांची बाजू न मांडणे अन्यायाचे होईल. रंगपंचमीच्या गेरीत आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्यांत रात्ररात्र उभा असलेला शिपाई आपण पाहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी तोच ठाण्यात बसलेला असतो. खोट्या तक्रारी येतात, आणि त्या थोड्या नसतात. भाऊबंदकी, भाडेकरूचा तंटा, उधारीची वसुली असल्या दिवाणी गोष्टींना फौजदारी अंगरखा चढवून लोक ठाण्यात येतात, कारण दिवाणी दावा म्हणजे एक पिढी. न्यायालयांनीही यावर वारंवार नापसंती दर्शविली आहे. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयाने असे ठरविले की पोलिसांनी न नोंदलेली तक्रार घेऊन न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाणाऱ्याने सोबत प्रतिज्ञापत्र जोडावे, म्हणजे बिनबुडाचे आरोप करणारा आधी विचार करील. हे योग्यच झाले. पण खोट्याच्या भयाने खऱ्यालाही दारातून परत पाठविणे म्हणजे बेसूर गाणारे येतात म्हणून वर्गाला कुलूप लावण्यासारखे आहे. खोटी खबर ओळखण्याचा मार्ग तपासाचा आहे, आणि खोटी ठरली तर ती देणाऱ्याला शिक्षेची तरतूद कायद्यात पूर्वीपासून आहे.

१ जुलै २०२४ पासून जुनी संहिता गेली व भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली. १५४ चे १७३ झाले. ठाण्याच्या भिंतीवरील फलक बदलले. काही गोष्टी निश्चित चांगल्या आहेत. गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असो, खबर कोणत्याही ठाण्याने घेतलीच पाहिजे. 'ते आमच्या हद्दीत नाही, पलीकडच्या ठाण्यात जा' हे उत्तर कायद्याने संपले. खबर संगणकावरून देता येते, मात्र तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. ठाण्याने नोंद नाकारली तर पोलीस अधीक्षकाकडे आणि तेथेही न झाल्यास न्यायदंडाधिकाऱ्याकडे जाण्याची वाट आता कलमातच सलग लिहिली आहे. आमच्याकडे डिसेंबर २०२१ पासून कमिशनर पद्धती असल्यामुळे अधीक्षकाऐवजी उपायुक्ताचे दार ठोठवावयाचे, एवढाच फरक. आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची तरतूद १९३ व्या कलमात आहे. तपास कोठवर आला हे पोलिसांनी ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळविले पाहिजे. पूर्वी तपास संपल्यावर कळविण्याचे बंधन होते. मधल्या काळात फिर्यादी हेलपाटे घालीत असे.

पण दोन जागा अशा आहेत की तेथे मला खटकते. एक, तीन वर्षे किंवा अधिक पण सात वर्षांहून कमी शिक्षेच्या गुन्ह्यांत, उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याची परवानगी घेऊन, चौदा दिवसांपर्यंत प्राथमिक चौकशी करण्याची मुभा. ललिता कुमारी निकालाने जी खिडकी थोडी किलकिली ठेवली होती ती येथे बरीच उघडली आहे. फसवणूक, चोरी असे रोजचे गुन्हे याच पट्ट्यात बसतात. चौदा दिवसांत चोरीचा माल दोन प्रांत ओलांडतो आणि बँकेतून गेलेला पैसा दहा खाती ओलांडतो. दुसरी जागा बारीक आहे, म्हणून अधिक धोक्याची. नव्या न्यायसंहितेत पाच हजार रुपयांहून कमी किमतीच्या साध्या चोरीला, पहिलाच अपराध असून माल किंवा किंमत परत केल्यास, समाजसेवेची शिक्षा आहे. हेतू स्तुत्यच, पोराने सायकलची घंटी चोरली म्हणून त्याला तुरुंग दाखवू नये. परंतु परिशिष्टात ही किरकोळ चोरी अदखलपात्र ठरविली आहे, म्हणजे दंडाधिकाऱ्याच्या हुकुमावाचून तपास नाही, आणि नोंद आमच्याकडच्या ठाण्याच्या भाषेत 'अदम चेक' च्या वहीत. आता सराफ्याच्या गर्दीत तुमच्या खिशातला तीन वर्षे वापरलेला मोबाइल गेला. त्याची किंमत किती? ती ठरविणार कोण? जेथे न लिहिण्याची सवय आहे तेथे किंमत चार हजार नऊशे ठरण्यास वेळ लागणार नाही. वाचकांनी जुनी पावती जपून ठेवावी, इतकेच मी म्हणेन.

हे झाले पोलिसांकडे नेलेल्या तक्रारींचे. पोलिसांविरुद्धच्या तक्रारींचे प्रकरण याहून अवघड आहे. १९९६ साली प्रकाश सिंह या निवृत्त पोलीस महासंचालकाने, म्हणजे आतल्याच माणसाने, सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला व २२ सप्टेंबर २००६ रोजी न्यायालयाने सर्व राज्यांना सात आदेश दिले. त्यांतील एक असा की राज्य पातळीवर आणि जिल्हा पातळीवर स्वतंत्र पोलीस तक्रार प्राधिकरण असावे. राज्याचे उच्च वा सर्वोच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली, जिल्ह्याचे निवृत्त जिल्हा न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखाली. आणि त्याची शिफारस बंधनकारक असावी. त्यानंतर काय झाले? काही राज्यांनी कायदे केले. महाराष्ट्राने २०१४ साली आपला कायदा दुरुस्त केला, केरळने २०११ साली नवा केला. काहींनी नुसते हुकूम काढले. कित्येक ठिकाणी न्यायाधीशाच्या शेजारी नोकरीतलेच अधिकारी बसविले, शिफारस बंधनकारक हा शब्द गाळला, आणि चौकशीसाठी प्राधिकरणाला स्वतःची माणसे दिली नाहीत; म्हणजे पोलिसांविरुद्धची चौकशी फिरून पोलिसांकडेच. अंमलबजावणी पाहण्यासाठी न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती थॉमस समितीनेही २०१० साली राज्यांच्या उदासीनतेबद्दल खेद व्यक्त केला.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या प्राधिकरणांचा भर कोठडीतील मृत्यू, गंभीर दुखापत, बलात्कार, खंडणी, घर-जमीन बळकावणे अशा मोठ्या अपराधांवर आहे, आणि तो असावाच. पण सामान्य माणसाची पोलिसांविरुद्धची सर्वांत नेहमीची तक्रार काय असते? माझी खबर लिहून घेतली नाही. या अपराधाचे नाव त्या यादीत स्पष्ट नाही. 'अधिकाराचा गंभीर गैरवापर' या शब्दांत ओढूनताणून बसवावे लागते. अपवाद स्त्रियांवरील ठराविक अत्याचारांचा. त्यांची खबर न नोंदणाऱ्या अधिकाऱ्याला किमान सहा महिने सक्तमजुरी, अशी तरतूद २०१३ साली दंडसंहितेत आली व नव्या संहितेत १९९ व्या कलमात कायम आहे.

दूरच्या एका देशाचे उदाहरण द्यावेसे वाटते. उत्तर आयर्लंडमध्ये पोलीस आणि लोक यांच्यात जेवढा अविश्वास होता तेवढा क्वचित कोठे असेल; बंदुका दोन्हीकडे होत्या. तेथे मॉरिस हेज यांच्या १९९७ च्या अहवालावरून पोलीस लोकपालाची स्वतंत्र कचेरी झाली व नोव्हेंबर २००० पासून ती काम करू लागली. लोकांच्या सर्व तक्रारी तिच्याकडेच जातात, तपास करणारे अधिकारी तिचे स्वतःचे आहेत, आणि किरकोळ बाब असेल तर समेट घडविण्याचीही सोय आहे. तिच्यावर टीका होत नाही असे नाही. पोलीसही करतात, लोकही करतात. पण तक्रार कोठे द्यावयाची आणि ती कोण पाहणार, याबद्दल तेथे कोणाला शंका नसते.

आमच्याकडे शंका नसते ती १८१ क्रमांकाबद्दल. मध्य प्रदेशात २०१४ पासून मुख्यमंत्री हेल्पलाइन आहे. मंगळवारची जनसुनवाई आहे. दोन्हींचा उपयोग होतो, मी नाकारीत नाही. उत्तर न आल्यास तक्रार एका पायरीवरून वरच्या पायरीवर आपोआप चढते, चार पायऱ्या आहेत, ही कल्पना उत्तम. परंतु येथेही तोच आकड्यांचा रोग शिरला. किती तक्रारी 'निकाली' निघाल्या यावर खात्याचा गुणांक ठरतो, मग तक्रारदाराला फोन येतात, "आप संतुष्ट हैं ऐसा बोल दीजिए, फिर देख लेंगे." तक्रार मिटविणे आणि तक्रारीचे कारण मिटविणे या दोन गोष्टी आहेत. शिवाय मुख्यमंत्र्यांपर्यंत जाता येते म्हणून ठाण्यात लिहिले नाही तरी चालेल, ही अहिल्याबाईंच्या परंपरेची चुकीची समजूत आहे. त्यांचा दरबार पंचांच्या ऐवजी नव्हता.

मग सुधारणा होते तरी कशाने? याचे उत्तर अंदाजाने देण्याची गरज नाही, कारण शेजारच्या राजस्थानात हे करून पाहिलेले आहे. तेथील पोलीस खात्याने अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आदी अर्थशास्त्रज्ञांना हाताशी धरून १६२ ठाण्यांत प्रयोग केले. त्या ठाण्यांच्या हद्दीत सुमारे ८० लाख लोक राहत होते. काही ठाण्यांत आठवड्याची सुटी व कामाची अदलाबदल ठरविली, काही ठिकाणी गावचा एक माणूस निरीक्षक म्हणून ठाण्यात बसविला, काही ठिकाणी तपासाचे व लोकांशी बोलण्याचे शिक्षण दिले, आणि काही ठाण्यांत सोंग घेतलेले फिर्यादी पाठविले. सोंगाडे खोटी पण साधी तक्रार घेऊन जात आणि नोंद होते का पाहत. निष्कर्ष असा निघाला की ज्या योजना ठाणेदाराच्या रोजच्या मर्जीवर अवलंबून होत्या, सुटी, अदलाबदल, निरीक्षक, त्या कागदावरच राहिल्या. शिक्षणाने फरक पडला. फिर्यादी अधिक समाधानी झाले. आणि सोंगाडे येतात हे कळल्यावर नोंदी सुधारल्या. समोरचा माणूस खरा फिर्यादी की परीक्षक हे कळत नसेल तर प्रत्येकाशी नीट वागावे लागते. आमच्या परीक्षांतही श्रोत्यांत परीक्षक कोणता बसला आहे हे मुलाला ठाऊक नसले की मूल प्रत्येक आलाप मन लावून घेते. (ठाऊक असले की फक्त त्याच्याकडे तोंड करून गाते, हेही पाहिले आहे.) पुढे २०१९ साली राजस्थान सरकारने ठाण्याने नकार दिल्यास अधीक्षकाच्या कचेरीतच गुन्हा नोंदण्याची सोय केली. गुन्ह्यांचे आकडे अर्थातच वाढले आणि सरकारला विधानसभेत टोमणे खावे लागले.

हे धैर्य आमच्या शहरात दाखविता येईल का? मला वाटते येईल. आवेदन घेतानाच त्याला रोजनाम्याचा क्रमांक पडावा आणि तो मोबाइलवर संदेशाने यावा, नुसता गोल शिक्का नको. क्रमांक पडला की कागद हरवत नाही. लिहून घेणारा आणि तपास करणारा निराळा असावा. ठाणेदाराची परीक्षा गुन्हे किती झाले यावर न होता, आलेल्यांपैकी किती लिहिले व किती उलगडले यावर व्हावी. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये परमवीर सिंग सैनी खटल्यात प्रत्येक ठाण्यात आवाज टिपणारे कॅमेरे लावून चित्रण अठरा महिने जपण्यास सांगितले. सप्टेंबर २०२५ मध्ये कोठडीतील मृत्यूंच्या बातमीवरून न्यायालयाला कॅमेरे चालू नसल्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली, यावरून पाच वर्षांत किती झाले ते दिसते. कोठडीबरोबरच फिर्यादी ज्या मेजासमोर बसतो त्या मेजावरही एक कॅमेरा चालू राहिला, तर 'तो आलाच नव्हता' आणि 'मला हाकलून दिले' या दोन्ही बोलण्यांचा निकाल लागेल. त्यात पोलिसांचेही रक्षण आहे.

परवाच एक निराळा अनुभव आला, तो नोंदवून ठेवतो. माझ्या एका विद्यार्थ्याच्या आजीला, निवृत्त शिक्षिका, दृष्टी अधू, एके दुपारी मोबाइलवर गणवेशातला माणूस दिसला. तुमच्या नावाच्या पार्सलात अंमली पदार्थ सापडले, तुम्हाला 'डिजिटल अटक' केली आहे, कोणाशी बोलू नका, असे म्हणत त्याने तिच्याकडून साडेचार लाख रुपये वळते करून घेतले. अशी कोणतीही अटक कायद्यात नाही; हे आपल्या घरांतील वृद्धांना प्रत्येकाने आजच सांगावे. नातू संध्याकाळी घरी आला व त्याने तत्काळ १९३० या सायबर क्रमांकावर कळविले, त्यामुळे त्यातली काही रक्कम पुढच्या खात्यात अडवून धरली गेली. मग आम्ही दोघे आजींना घेऊन ठाण्यात गेलो. मी २०१८ ची तयारी करून, जुना शिक्क्याचा कागदही खिशात घालून गेलो होतो. तो काढावा लागला नाही. एका तरुण महिला उपनिरीक्षकेने आजींना "आई, आप आराम से बताओ" म्हणून पाऊण तास ऐकून घेतले, लिहिले, मोठ्याने वाचून दाखविले, दोन चुका आजींनी दुरुस्त करविल्या, सही घेतली आणि प्रत हातात ठेवली. पैसे मागितले नाहीत. क्रमांक आजींनी देव्हाऱ्याजवळच्या दिनदर्शिकेवर लिहून ठेवला आहे. त्या रात्रीला आज ६१ दिवस झाले. नव्वदाव्या दिवसाभोवती त्यांनी तांबड्या शाईने गोल केला आहे.